दोन शिक्षकी शाळेत स्टायनर: काय घ्यावं, काय सोडावं

पांढरकवड्याकडच्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंचा प्रश्न असा: "आमची शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, पट २३. निम्मी लेकरं बंजारा तांड्यावरची, सहा कोलाम आदिवासींच्या पोडावरची, उरलेली गावातली. जूनमध्ये, आपल्या शाळा उघडायच्या आधी मुंबईला बहिणीकडे गेले होते. भाचीची स्टायनर पद्धतीची शाळा पाहिली. पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही, ओल्या कागदावर रंग, सुया घेऊन विणणारी मुलं. परत आल्यापासून डोक्यात तेच आहे. आमच्याकडे हे जमेल का? केंद्रप्रमुख आहेत, सरकारच्या निपुण योजनेतल्या वाचन-गणिताच्या चाचण्या आहेत, पालक आहेत. की हे पैसेवाल्यांचंच आहे?"

ताई, शेवटून सुरुवात करतो.

ही पद्धत जन्मली ती सिगारेटच्या कारखान्यापायी. महायुद्ध हरलेला जर्मनी, साल १९१९, गाव स्टुटगार्ट. तिथल्या वाल्डोर्फ-अस्टोरिया सिगारेट कारखान्याचे मालक एमिल मोल्ट यांच्या मनात कामगारांच्या मुलांसाठी शाळा काढायचं आलं आणि त्यांनी रुडॉल्फ स्टायनर या ऑस्ट्रियन विचारवंताला गळ घातली. ७ सप्टेंबर १९१९ रोजी शाळा उघडली तेव्हा आठ वर्ग होते, मुलं २५६, आणि त्यातली बहुतेक कारखान्यातल्या कामगारांची. वाल्डोर्फ शाळा हे नाव तिथूनच आलं. आपल्या देशात मात्र ती हैदराबाद, मुंबई अशा शहरांत खासगी, विनाअनुदानित शाळांमधून आली. त्यामुळे फी आली, आणि फीच्या मागोमाग लाकडी खेळणी आली. मूळ शाळा कामगारांच्या मुलांसाठी होती, त्यांना फी नव्हती.

जाता जाता एक गंमत. तुमच्या गावात कोणी सेंद्रिय शेतीवाला असेल तर त्याला शिंगखताबद्दल विचारा. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरतात, ते. ते याच स्टायनरनं १९२४ साली शेतीवर दिलेल्या व्याख्यानांतून आलेलं आहे. म्हणजे विदर्भातल्या वावरात हा माणूस शाळेच्या आधी पोचला!

माझं सांगतो. शहरातल्या अशा शाळेत मी नऊ वर्षं वर्गशिक्षक होतो. मग आर्वी तालुक्यात गावी परत आलो. इथे अकरा वर्षं झाली. आमचा स्वतःचा एक छोटा वर्ग आहे आणि आसपासच्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांबरोबर बसणं-उठणं आहे. या अकरा वर्षांत बऱ्याच गोष्टी आपटल्या, त्यातल्या काही खाली येतीलच.

तुम्ही मुंबईत डोळ्यांनी जे पाहिलं त्यातलं बरंचसं सोडून द्या. मी शहरातून येताना मधमाशीच्या मेणाचे रंगखडू आणले होते, महागामोलाचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते पत्र्याच्या पेटीत राहिले. जूनच्या शेवटी पेटी उघडली तर आत सगळ्या रंगांचा मिळून एक गोळा. ओल्या कागदावरचं रंगकाम एप्रिलमध्ये करायला गेलो. बाहेर पारा ४४ वर. कागद भिजवून पाटीवर पसरेपर्यंत त्याच्या कडा पापडासारख्या वर यायच्या, रंग पसरायचा कुठून? ते काम आपल्याकडे पावसाळ्यात आणि हिवाळ्यात करायचं, हे कळायला मला दोन वर्षं लागली. लोकरीचं तेच. घामेजल्या बोटांतून लोकर सरकत नाही. आणि खरं म्हणजे कापसाच्या जिल्ह्यात बसून परगावाहून लोकर मागवायची ही अक्कल मला कुठून सुचली होती, देव जाणे.

आता सुताची दोरी वापरतो. पहिलीतली लेकरं नुसत्या बोटांवर दोरी विणतात, सुई लागत नाही. दुसरीत त्या दोरीची खडूची पिशवी होते. तकली तिसरीच्या आधी देत नाही. तकली म्हटलं की सेवाग्राम आलंच. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, तिथून नई तालीम, म्हणजे हातकामातून शिकवायची गांधींची पद्धत, निघाली, आणि तकलीवर गणित शिकवता येतं हे त्या लोकांनी करून दाखवलं. गांधी आणि स्टायनर दोघेही हाताला आधी मान देतात, पण कारणं वेगळी. गांधींना वाटे की मुलांच्या हातकामातून शाळेचा खर्च निघावा. स्टायनरच्या शाळेत सहा-सात वर्षांच्या मुलाचं काम विकायचं नसतं. बोटं जागी झाली की डोकं जागं होतं, एवढ्यासाठी ते असतं. माझं मत विचाराल तर चौथीपर्यंत मी स्टायनरच्या बाजूचा, पाचवीपासून गांधींच्या.

मग घ्यायचं काय? सकाळचे दोन तास. बाकी सगळं कमीजास्त करता येईल, हे नाही.

स्टायनर शाळेत दिवसाचा पहिला पाठ मोठा असतो, दीड ते दोन तासांचा, आणि त्यात तीन-चार आठवडे एकच विषय चालतो. चार आठवडे भाषा, मग चार आठवडे गणित, मग पुन्हा भाषा. पस्तीस मिनिटांची तासिका संपली म्हणून गोष्ट अर्धी टाकून बेरजेला लागायचं नाही. आणि इथे ताई, तुमचं पारडं मुंबईच्या शाळेपेक्षा जड आहे. दोन शिक्षकी शाळेत पुढच्या तासाला दारात कोण येऊन उभं राहतं? कोणीच नाही. सगळे विषय तुमचेच. स्टायनरला एकच वर्गशिक्षक मुलांबरोबर वर्षानुवर्षं, जमल्यास आठवीपर्यंत, वर चढत जायला हवा होता. तुमच्याकडे दोन वर्षं मुलं असतातच. सहकारी सरांशी बोलून आलटून-पालटून केलंत, म्हणजे तुमची मुलं घेऊन तुम्ही तिसरी-चौथीत गेलात आणि त्यांनी नवी पहिली घेतली, तर निदान एका तुकडीला चार वर्षं मिळतील. तालुक्याच्या गावच्या कॉन्व्हेंटला हे जमत नाही, तिथे दरवर्षी बाई बदलतात.

त्या दोन तासांचा श्वास असा. परिपाठातलं राष्ट्रगीत, प्रतिज्ञा वगैरे झालं की लगेच खाली बसवू नका. पंधरा-वीस मिनिटं गोल करून हालचाल. टाळ्या, पावलं, गाणं. भादव्यात भुलाबाईची गाणी घ्या, ती लेकरांना तुमच्यापेक्षा जास्त येतात. पाढे इथेच. तीनचा पाढा चालत म्हणायचा: एक, दोन, आणि तीनला पाय जोरात. मग चार, पाच, आणि सहाला जोरात. पाय आपटून आपटून पाढा अंगात जातो. बाहेर उभ्या असलेल्या बापालाही तो ऐकू जातो, आणि त्याचा उपयोग पुढे सांगतो. मग बसून मुख्य काम. आणि शेवटी गोष्ट.

गोष्टीबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण सगळे इथेच चुकतात. गोष्ट वाचून दाखवायची नाही, सांगायची. आदल्या रात्री चार वेळा मनात घोळवा, भाकरी थापताना स्वतःला सांगून पाहा. हातात पुस्तक असलं की लेकरू पुस्तकाकडे पाहतं, नसलं की तुमच्याकडे. आणि गोष्ट संपली की काहीही विचारू नका. 'यावरून काय शिकलो?' हे तर मुळीच नाही. आम्हा मास्तर लोकांना तात्पर्याची इतकी सवय आहे की पहिले काही महिने मला अक्षरशः ओठ चावून गप्प बसावं लागायचं. गोष्ट सांगा आणि लेकरांना खिचडी खायला सोडा.

दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मुलांकडून परत काढायची. रात्रीची झोप मध्ये गेलेली असते. स्टायनर झोपेला शिकण्याचाच भाग मानायचा, आणि झोपेत आठवणी पक्क्या होतात हे आता मेंदूचे अभ्यासकही सांगतात. मुलं जे परत आणतात त्यावरून कळतं की कुणाच्या आत काय उतरलं. एकाला सगळा क्रम आठवतो, एकीला फक्त म्हातारीच्या लुगड्याचा रंग. दोन्ही घ्या. मग चित्र. तिसऱ्या दिवशी त्याच गोष्टीतलं एखादं वाक्य फळ्यावर, मुलांच्या वहीत, आणि मग वाचन. म्हणजे मूल आधी ऐकतं, मग बोलतं, रेखाटतं, लिहितं, आणि सगळ्यात शेवटी वाचतं. स्टायनर शाळेत पाठ्यपुस्तक नसतं याचा अर्थ हा: मूल स्वतःची वही करतं आणि तेच त्याचं पुस्तक. तुम्ही सरकारी पुस्तकं माळ्यावर टाकू नका, त्यांचं काम पुढे आहे.

तुमचे दोन वर्ग एकत्र आहेत, त्याची चिंता नको. गोष्ट एकच ठेवा. पहिलीचं पोर त्यातून एक अक्षर नेईल, दुसरीचं दोन वाक्यं.

अक्षर कसं नेईल? युरोपातल्या शाळेत सापाच्या चित्रातून 'एस' काढतात. आपल्याला त्यांचा साप आणायची गरज नाही. देवनागरीत शिरोरेघ आहे, ती म्हणजे घराचं आढं. आढ्याला पाळणा टांगला की 'प'. झाडाच्या खोडाला वांगं लागलं की 'व'. काठीला गळ बांधून पाण्यात सोडला की 'ग'. उभ्या पायपाला नळ बसवला की 'न'. आधी गोष्ट, गोष्टीत पाळणा, मग पाळण्याचं चित्र, आणि दुसऱ्या दिवशी चित्रातून हळूच अक्षर बाहेर. पण सगळी अक्षरं अशी काढत बसू नका. मी एकदा 'ज्ञ'साठी चित्र शोधण्यात आठवडा घालवला आहे, तो वेडेपणा होता. आठ-दहा अक्षरं अशी झाली की अक्षराच्या आत काही असतं हे लेकराला पटतं, मग बाकीची ते धावत घेतं. शिवाय आपली वर्णमाला तोंडातल्या जागांप्रमाणे लावलेली आहे. कंठातून क ख ग घ, मग हळूहळू पुढे येत ओठांवर प फ ब भ. तळहात तोंडासमोर धरून 'प' आणि 'फ' म्हणायला लावा. हवेचा झोत कुठे लागतो हे कळल्यावर वर्ग अर्धा तास हसत असतो.

अक्षरांच्याही आधी रेघा. स्टायनर शाळांत याला आकाररेखन म्हणता येईल असं काम असतं: सरळ रेघ, वळणाची रेघ, लाटा, भोवरे, आरशात पाहिल्यासारखे जोड आकार. तुमच्या डोक्यात लगेच रांगोळी आली असेल. माझ्याही आली होती. पण ठिपक्यांची रांगोळी पहिलीत नको. ठिपके हाताला सांगतात कुठे जायचं, आणि इथे हातानं स्वतः जायला शिकायचं असतं. अंगणात काडीनं, हवेत बोटानं, चालून पायानं, आणि मग पाटीवर. ठिपके चौथीत, भूमितीच्या तोंडावर आणा. तेव्हा एखाद्या आईला बोलवा, ती तुमच्यापेक्षा चांगलं शिकवेल.

गणितात एकच गोष्ट उलटी करा. आपण विचारतो, सात अधिक पाच किती? उत्तर एक, ज्याला येतं तो हात वर करतो, बाकीचे खाली बघतात. स्टायनर म्हणतो अख्ख्यापासून सुरू करा. बारा चिंचोके पोरीच्या ओंजळीत द्या आणि विचारा, हे बारा कसे कसे वाटता येतील? सात नि पाच, दहा नि दोन, तीन-तीनचे चार ढीग. तेवीसही पोरांना उत्तर असतं आणि तेवीस वेगळी असू शकतात. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार चारही क्रिया पहिलीतच येतात, लहान संख्यांवर. मी त्यांची चार माणसं केली आहेत. बेरीजमावशी दिसेल ते ओट्यात भरते. वजाबाकीभाऊच्या झोळीला भोक आहे. गुणाकारबुवा पायलीनं मोजतो. भागाकारआजी सगळ्यांच्या पानात सारखं वाढते, आणि शेवटी एखादी भाकर उरली तर ती कुणाला द्यायची यावर वर्गात भांडण होतं. बाकी म्हणजे काय हे त्या भांडणातून समजतं. पुढे चौथीत अपूर्णांक आले की गावातला एखादा म्हातारा गाठा, ज्याला पावकी, निमकी, पाऊणकी पाठ आहे. असे आता थोडेच उरलेत, वेळेत गाठा.

आता माझी सगळ्यात मोठी चूक.

स्टायनर शाळांत वाचनाची घाई नसते. दुधाचे दात पडेपर्यंत, म्हणजे सातव्या वर्षापर्यंत, अक्षरं नाहीतच. नंतरही आधी लेखन, मागून वाचन, आणि सराईत वाचन दुसरी-तिसरीपर्यंत आलं तरी चालतं. याला आधारही आहे. न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सुगेट या संशोधकानं पाचव्या वर्षी वाचन सुरू केलेल्या आणि सातव्या वर्षी सुरू केलेल्या मुलांची तुलना केली. अकराव्या वर्षाच्या आसपास दोघांच्या वाचनात फरक उरला नव्हता. मीही गावी येऊन तेच केलं. पहिल्या तुकडीत सात मुलं. तिसरी संपत आली तरी दोन पोरींना वाचता येत नव्हतं. पालकांना सांगायचो, कळी ओढून फूल उमलत नाही. छान वाटायचं म्हणायला.

त्यातली एक तर स्वतःची वही घडाघडा वाचून दाखवायची. मग एक दिवस शाळा आरोग्य तपासणीचं पथक आलं, डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला, आणि पोरीला त्यावरची मोठी अक्षरंही दिसत नव्हती. तीन वर्षं फळा न दिसता ती शेजारणीचं बघून लिहीत होती. वही तिनं पाठ केली होती! गोष्ट सांगणं, परत सांगणं, म्हणणं या सगळ्यात ती इतकी पटाईत झाली होती की वाचता येत नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. माझ्याच पद्धतीनं तिची अडचण झाकली. चष्मा आला आणि पाच महिन्यांत ती वाचायला लागली. त्या वर्षी दोन घरांनी मुलं काढून कॉन्व्हेंटात घातली. मी त्यांना दोष देऊ शकलो नाही.

तेव्हापासून माझा नियम असा, आणि शहरातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांना तो मान्य नाही. उशिरा वाचन परवडतं ते ज्या घरात पुस्तकं आहेत, वर्तमानपत्र येतं, रात्री कुणी वाचून दाखवतं त्या घराला. तिथे शाळा थांबली तरी घर थांबत नाही. पोडावरच्या घरात छापील अक्षर म्हणजे बियाण्याची पिशवी आणि औषधाचा डबा. तिथे शाळेनं वाट पाहिली तर लेकरू फक्त मागे राहतं. म्हणून पहिलीत घाई करू नका, पण दुसरीच्या दिवाळीनंतर रोज वीस मिनिटं वाचन हवंच. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाला एकेकट्याला जवळ बसवून आधी कधीच न पाहिलेली दोन वाक्यं वाचायला द्या. सरकारी पुस्तकं इथे कामी येतात. ज्याला जमत नाही त्याचे डोळे आणि कान आधी तपासून घ्या, पद्धतीवर चर्चा नंतर.

भाषेचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो आहे. तीन बोल्यांची मुलं तुमच्यासमोर बसतात: वऱ्हाडी, गोरमाटी, कोलामी. प्रमाण मराठी तिघांनाही पुस्तकातूनच भेटते. गोष्ट वऱ्हाडीत सांगा, अगदी बिनधास्त. आठवड्यातून एकदा पोडावरची एखादी आजी येऊन कोलामीत सांगेल असं जमवा. तुम्हाला कळणार नाही, पण त्या दिवशी सहा मुलं वर्गाला गोष्ट समजावून सांगतील, आणि आजवर कोपऱ्यात बसणाऱ्यांना एकदम वर्गाच्या मधोमध बसलेलं बघाल.

गोष्टींचा क्रम स्टायनरनं वयाप्रमाणे लावला आहे. पहिलीत लोककथा, दुसरीत प्राण्यांच्या कथा आणि संत, तिसरीत बायबलच्या जुन्या करारातल्या, चौथीत उत्तर युरोपातल्या देवांच्या. हा क्रम घ्या, माल आपला भरा. दुसरीत एकीकडे लबाड कोल्हा, दुसरीकडे संत, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. त्या वयाच्या पोरात दोन्ही असतात. रामेश्वराची कावड गाढवाला पाजणारे एकनाथ, भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, आणि आपल्या मातीतले म्हणाल तर शिकाऱ्यांपासून सशाला आसरा देणारे चक्रधरस्वामी. ही शेवटची सांगताना माझा वर्ग श्वास रोखून बसतो.

तिसरीचा अभ्यासक्रम शेती आणि घरबांधणीचा. शहरातल्या मुलांना शेतावर नेतात, ती चिखलात हुंदडतात. मी इथे मोठ्या उत्साहानं शेती सुरू केली तर दुसऱ्याच दिवशी एक पोरगा म्हणाला, "सर, वावराचं नोका सांगू. घरी तेच चालू रायते." त्याच्या घरी त्या वर्षी काय चालू होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं. मी गप्प झालो. पुढच्या वर्षी कपाशी आणि सोयाबीनला हात लावला नाही. शाळेमागे अर्धा गुंठा ज्वारी पेरली. आमच्याकडे ज्वारीचा पेरा इतका कमी झालाय की त्यातल्या काही पोरांनी कणीस हातात घेतलंच नव्हतं. पाखरं राखायला गोफण, मग कापणी, बडवणं, पाखडणं, जात्यावर दळण, आणि शेवटी चुलीवर भाकर. चाळीस जणांना अर्धी-अर्धी पुरली. जे पिकतं ते खाताही येतं, हे त्या लेकरांनी बहुधा पहिल्यांदा पाहिलं. तोच पोरगा जात्यावरून उठत नव्हता.

आता सोडायचं काय. स्टायनरचं स्वतःचं एक आध्यात्मिक तत्त्वज्ञान होतं, अँथ्रोपॉसॉफी. पुनर्जन्म, सूक्ष्म देह, मुलांच्या चार प्रकृती असं बरंच त्यात आहे. आपल्या लोकांना ते ओळखीचं वाटतं म्हणून पटकन गोड लागतं. त्याला विज्ञानाचा आधार नाही. चार प्रकृतींचे शिक्के मुलांवर मारू नका. 'हा तापट, ही मंद' असं एकदा नोंदवहीत गेलं की तुम्ही बघायचं थांबता. त्याच्या व्याख्यानांत वंशांबद्दल लज्जास्पद विधानंही आहेत. जर्मनीतल्या वाल्डोर्फ शाळांच्या संघटनेनं २००७ साली वंशभेदाविरुद्ध जाहीर निवेदन काढलं ते उगाच नाही. माणूस मोठा होता म्हणून सगळंच घ्यायचं असं नाही. शिंगखत न घालताही ज्वारी आली माझी.

केंद्रप्रमुखांचं म्हणाल तर 'स्टायनर' हा शब्द केंद्रातल्या शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत काढूच नका. काढलात की तुमची शाळा 'उपक्रमशील' होईल, बघायला गाड्या येतील आणि सकाळचे दोन तास जातील. सरळ अध्ययन निष्पत्तींची, म्हणजे मुलाला काय काय यायला हवं याची, भाषा बोला. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, वर्णनात्मक नोंदी लिहाव्याच लागतात ना? बहुतेक जण त्या एकमेकांच्या बघून उतरवतात. स्टायनर शाळेचं प्रगतिपत्रक म्हणजे दुसरं काय, मुलाबद्दल खरं लिहिलेलं एक पान. ते तुम्ही मनापासून लिहा. 'शनिवारी चिंचोके मोजताना शेजारच्याला चार कमी पडले ते स्वतः लक्षात आणून दिले' असं एक वाक्य अधिकाऱ्यानं वाचलं की तो दुसरं पान उलटतो. निपुणच्या चाचण्यांना घाबरू नका, दुसरीच्या दिवाळीनंतरचं वाचन वर सांगितलं तसं घेतलंत तर त्या आपोआप निघतात. हातकाम, रंगकाम सुरुवातीला आनंददायी शनिवारात बसवा, कोणी विचारणार नाही.

पालकांना भाषण देऊ नका. महिन्याच्या शेवटी वह्या घेऊन पारावर बसा आणि पोरांना पाय आपटत पाढा म्हणायला लावा. सतराचा पाढा ऐकल्यावर कॉन्व्हेंटची चर्चा निदान त्या महिन्यापुरती थांबते. कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी निम्म्यावर येणार, तेव्हा नवा विषय काढू नका; उजळणी आणि दोरी-विणकाम त्या दिवसांसाठी राखून ठेवा.

सुरुवात कशी करायची? स्टायनरनं पहिल्या शिक्षकांना पहिल्या दिवसाचा धडा सांगितला होता, तोच मी दरवर्षी घेतो. मुलांना त्यांचे हात बघायला सांगा. हे हात कशासाठी आहेत, आई हातांनी काय काय करते, तुम्ही काय करणार? बोलू द्या, तांड्यावरची मुलं भरपूर सांगतील. मग फळ्यावर एक सरळ रेघ काढा आणि एक वळणाची. प्रत्येकानं पुढे येऊन दोन्ही काढायच्या. बस, पहिल्या दिवसाचं काम झालं. तुमची पहिली तर आता सुरूच झालीय, पण कुठलाही सोमवार पहिला दिवस धरता येतो.

पोळ्याला लागून सुट्टी असेल तेव्हा आर्वीला या. येताना चार वह्या आणा: एक तुम्हाला सगळ्यात चांगली वाटणारी, एक सगळ्यात वाईट, आणि दोन अशा मुलांच्या ज्यांच्याबद्दल तुम्हाला अजून काहीच सांगता येत नाही. आधी त्या शेवटच्या दोन बघू.